वीस टक्के म्हणजे किती मिनिटं?

मंडळी, १४ ऑक्टोबर २०२५ला तुमच्यापैकी कुणाचा वाढदिवस असेल तर उशिराच्या शुभेच्छा. बाकीच्यांना आठवण करून देतो, त्या दिवशी विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ टाकायला जावं तर ते लॅपटॉपची जन्मपत्रिकाच मागतं. टीपीएम २.० चिप आहे का, प्रोसेसर कुठल्या पिढीचा... पत्रिका जुळली नाही की स्थळ कॅन्सल! मग कीबोर्ड ठणठणीत, स्क्रीन झकास, आणि तरीही लॅपटॉप म्हातारा ठरतो. अशा वेळी प्रत्येक ग्रुपमध्ये एक मित्र असतोच, जो खिशातून पेन ड्राइव्ह काढतो आणि म्हणतो, "लिनक्स टाकूया. पळेल बघ हरणासारखा!"

आणि गंमत म्हणजे, पळतो. मी स्वतः असे चार-पाच लॅपटॉप पळताना पाहिलेत. ब्राउझर उघडायला चहा करून यावा लागायचा, ते मशिन टिचकीसरशी उभं राहतं. घरचे खूश, मित्र खूश, आणि खिशालाही झळ नाही.

फक्त एक गोष्ट लिनक्सला तरुण करता येत नाही. बॅटरी. आठ वर्षांच्या लॅपटॉपात बहुतेक वेळा आठ वर्षांचीच बॅटरी असते. आणि मग एक अगदी क्षुल्लक वाटणारी कटकट सुरू होते, ती 'लो बॅटरी'च्या सूचनेची. कुणाला ती फार लवकर येते, कुणाला फार उशिरा. कुणाला येतच नाही, लॅपटॉप सरळ मान टाकतो.

माझ्या मावसबहिणीच्या लॅपटॉपने मान टाकली ती नेमकी नोकरीच्या इंटरव्ह्यूत. ती पुण्यात कर्वेनगरला तीन मैत्रिणींबरोबर फ्लॅट शेअर करते. वार होता गुरुवार. पुणेकरांना गुरुवारचं वेगळं सांगायला नको, दुरुस्तीसाठी लाइट जाण्याचा तो हक्काचा वार! वायफायला छोटा बॅकअप होता, लॅपटॉपवर पंचावन्न टक्के दिसत होते. 'पुरेल की' म्हणून ती बसली. अर्ध्या तासाने समोरच्या बाईंनी विचारलं, "तुमची पगाराची अपेक्षा काय आहे?" आणि स्क्रीन काळी. ऐन मोक्याला! समोरच्यांना वाटलं असेल, पोरगी आकडा ऐकूनच पळाली.

त्या मंडळींनी राहिलेला इंटरव्ह्यू पुढच्या गुरुवारी ठेवला, हा त्यांचा चांगुलपणा. पण रात्री मला फोन आला तेव्हा आवाज रडवेला होता.

"दादा, वॉर्निंग आलीच नाही रे! चौदा टक्के दाखवत होता. चौदा! मला सांग, ते वॉर्निंगचं सेटिंग कुठे असतं? मी वीसवर लावून टाकते."

"अगं, ते वीसवरच असतं. पहिल्यापासून."

"मग?"

हा 'मग?' महत्त्वाचा आहे. नेटवर शोधाशोध करणारे बहुतेक लोक सेटिंग कुठे आहे एवढंच शोधतात, आकडा वाढवतात आणि आठवड्याने पुन्हा वैतागतात. कारण लॅपटॉपमध्ये 'बॅटरी संपत आली' ही बातमी तुमच्यापर्यंत तीन हातांतून येते, आणि गडबड तिघांपैकी कुणीही केलेली असू शकते.

पहिला हात बॅटरीचा. बॅटरीच्या पॅकमध्येच एक छोटी चिप असते. किती वीज आत आली, किती बाहेर गेली याचा ती हिशेब ठेवते, वाण्याच्या वहीसारखा. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, त्या वहीतला आकडा तसाच उचलतो. दुसरा हात 'यूपॉवर' नावाच्या पडद्यामागच्या प्रोग्रॅमचा. 'लो' कधी म्हणायचं, 'क्रिटिकल' कधी म्हणायचं, आणि अगदीच वेळ आली तर मशिन कधी बंद करायचं, हे यूपॉवर ठरवतो. तिसरा हात तुमच्या डेस्कटॉपचा. ग्नोम, केडीई, एक्सएफसीई, जे काही तुमच्याकडे असेल ते. कोपऱ्यात पट्टी दाखवणं हे त्याचं काम.

सगळे तिसऱ्या हातापासून सुरुवात करतात. मी म्हणतो, पहिल्यापासून करा.

टर्मिनल उघडा. घाबरू नका, काही बिघडत नाही. 'यूपॉवर' हे नाव इंग्रजी स्मॉल अक्षरांत टाइप करा, एक स्पेस द्या, मग एक डॅश आणि त्याला चिकटून 'डी'. एंटर. बॅटरीची कुंडली समोर येते. (वायरलेस माउस किंवा हेडफोन जोडलेला असेल तर त्याचीही येते. माझ्या एका कलीगने 'बॅटरी लो'ची पट्टी पाहून तीनदा चार्जर तपासला होता. संपत आली होती माउसची!) त्यात दोन ओळी शोधायच्या. 'एनर्जी फुल डिझाइन', म्हणजे नवी असताना बॅटरीत किती मावायचं. आणि 'एनर्जी फुल', म्हणजे आता किती मावतं. जवळच 'कपॅसिटी'च्या ओळीत या दोघांचं गुणोत्तर टक्क्यांत तयार मिळतं.

बहिणीच्या लॅपटॉपचे आकडे असे होते. डिझाइन ४८ वॉट-तास, आता २१.६. कपॅसिटी ४५ टक्के. म्हणजे अर्धी बॅटरी कधीच कैलासवासी झालेली!

आता जरा शाळेतलं गणित. स्क्रीनवर १०० टक्के दिसतात ते आजच्या २१.६चे, जन्माच्या वेळच्या ४८चे नव्हे. त्यामुळे जुन्या बॅटरीतला एक टक्का हा नव्या बॅटरीतल्या टक्क्याच्या निम्माही नसतो. त्याच यादीत 'एनर्जी रेट' म्हणून ओळ असते, ती या क्षणी किती वीज जातेय ते सांगते. व्हिडिओ कॉल चालू असताना हिच्याकडे ती १८ वॉट दाखवत होती. कॅमेरा, माइक, वायफाय, ब्राउझर, सगळेच एकदम खात असतात ना. तेव्हा २० टक्के म्हणजे ४.३२ वॉट-तास, म्हणजे जेमतेम चौदा मिनिटं. नवी बॅटरी असती तर तेच २० टक्के बत्तीस मिनिटं चालले असते. क्रिटिकलची सूचना येते ५ टक्क्यांना, तेव्हा हातात उरतात साडेतीन मिनिटं. आणि २ टक्क्यांना यूपॉवर मशिन आवरायला घेतो, तेव्हा दीड मिनिटसुद्धा नाही.

हे झालं टक्के खरे बोलत असतील तर. पण चौदा टक्क्यांवर मशिन गेलं याचा अर्थ वहीच खोटी होती!

असं का होतं? लिथियम-आयन बॅटरी म्हातारी होते तशी तिची क्षमता तर कमी होतेच, पण तिचा आतला विरोधही वाढतो. शांतपणे एखादी फाइल वाचत बसलात तर ती बिचारी चौदा टक्क्यांवरही बराच वेळ तग धरेल. पण व्हिडिओ कॉलसारखं जड काम टाकलं, एकदम जास्त करंट मागितला, की तिचा व्होल्टेज धाडकन खाली येतो. एका मर्यादेच्या खाली गेला की आतलं संरक्षक सर्किट वीज तोडतं. वहीत अजून शिल्लक दिसत असते आणि दुकान बंद! म्हणून जुने लॅपटॉप रात्री गाणी ऐकताना मरत नाहीत. मरतात ते इंटरव्ह्यूत, प्रेझेंटेशनमध्ये, ऑनलाइन परीक्षेत. तुमच्या नशिबाचा किंवा साडेसातीचा यात काही संबंध नाही, सगळा दोष त्या १८ वॉटांचा.

तेव्हा ५ टक्क्यांची सूचना हिला का आली नाही ते कळलं. लॅपटॉप ५पर्यंत पोचलाच नाही. पण मग २०ची? २० वरून १४वर यायला चारेक मिनिटं तरी लागली असणार. ती कुठे गेली?

तिसऱ्या हातात अडकली. इंटरव्ह्यूच्या आधी मन एकाग्र व्हावं म्हणून हिने 'डू नॉट डिस्टर्ब' चालू केलं होतं. शहाणी मुलगी! पण हिच्याकडे होता ग्नोम, आणि ग्नोममध्ये 'लो'ची पहिली सूचना ही साध्या दर्जाची मानली जाते. डू नॉट डिस्टर्ब चालू असेल तर ती पट्टी न दाखवता गुपचूप वरच्या यादीत जाऊन बसते. फुल स्क्रीन करून काही बघत असाल तरी ती अडवून धरली जाते. 'क्रिटिकल'ची सूचना मात्र ही सगळी बंधनं तोडून येते. म्हणजे हिचा पहिला निरोप्या दाराबाहेर ताटकळत राहिला आणि दुसरा घरातून निघालाच नाही.

आता दुरुस्ती. आणि इथे ग्नोमवाल्यांची खरी चिडचिड होते, कारण सेटिंग्जमध्ये 'पॉवर'च्या पानावर कितीही वर-खाली केलंत तरी हा आकडा बदलायची पट्टी तिथे नाही. बॅटरीचे टक्के दाखवा, बॅटरी कमी झाली की आपोआप पॉवर सेव्हर लावा, एवढंच मिळतं. पूर्वी ग्नोमच्या पोटातल्या सेटिंग्जमध्ये हे आकडे ठेवायच्या जागा होत्या, पुढे त्या काढून टाकल्या. जुन्या पुस्तकात किंवा जुन्या सल्ल्यात त्या सापडल्या तर वेळ घालवू नका. माझं विचाराल तर हा आकडा लपवणं मला पटत नाही. फोनच्या अलार्मची वेळ ज्याची त्याने ठरवायची आणि लॅपटॉपच्या अलार्मची मात्र दुसऱ्या कुणीतरी, हे कसलं सौजन्य?

तेव्हा थेट यूपॉवरच्याच घरी जायचं. सिस्टिमच्या 'ईटीसी' फोल्डरात 'यूपॉवर' नावाचं फोल्डर आहे (यातलं यू आणि पी कॅपिटल), आणि त्यात त्याच नावाची, 'डॉट कॉन्फ' शेपटीची साधी टेक्स्ट फाइल. ती ॲडमिनच्या हक्काने, म्हणजे पुढे 'सुडो' लावून, 'नॅनो'सारख्या एडिटरमध्ये उघडायची. आधी तिची एक कॉपी बाजूला ठेवा, हे सांगायला नको. आत इंग्रजीत भरपूर सूचना लिहिल्यात आणि त्या चक्क वाचण्यासारख्या आहेत.

आपल्या कामाच्या ओळी तीन. 'पर्सेंटेज लो', 'पर्सेंटेज क्रिटिकल' आणि 'पर्सेंटेज ॲक्शन'. फाइलमध्ये हे शब्द मधे जागा न सोडता जोडून लिहिलेले दिसतील. नेमकी किंमत तुमच्याकडच्या आवृत्तीवर अवलंबून असते. पूर्वी १०, ३ आणि २ असायची, नंतर २०, ५ आणि २ झाली. बरोबरच्या चिन्हापुढे फक्त आकडा लिहायचा, टक्क्याची खूण द्यायची नाही.

आणि एक मेख आहे, ती नीट वाचा. हे तिन्ही आकडे उतरत्या क्रमानेच हवेत. लो सगळ्यात मोठा, मग क्रिटिकल, मग ॲक्शन. कुणी उत्साहाने फक्त क्रिटिकलचा आकडा २५ केला आणि लो २०च ठेवला, तर यूपॉवर भांडत नाही, लाल अक्षरं दाखवत नाही. तुमचे आकडे सरळ बाजूला ठेवतो आणि स्वतःचे मूळचे वापरतो. 'मी बदललं पण काहीच फरक पडला नाही' अशी तक्रार कुणी केली की मी आधी हेच तपासतो. दुसरं तपासतो ते म्हणजे सेव्ह केल्यावर यूपॉवर नव्याने सुरू केला का. तो आपोआप फाइल पुन्हा वाचत नाही. त्यासाठी 'सुडो', 'सिस्टिमसीटीएल', 'रीस्टार्ट', 'यूपॉवर' हे चार शब्द स्पेस देऊन टाइप करायचे. नाहीतर सरळ लॅपटॉप रीस्टार्ट करा, तेवढंच पुण्य.

त्या फाइलमध्ये एक मजेदार गोष्ट दिसेल. टक्क्यांच्या ओळींखाली तशाच तीन ओळी वेळेच्या आहेत. सेकंदांत दिलेल्या असतात, १२००, ३०० आणि १२०. म्हणजे वीस मिनिटं, पाच मिनिटं, दोन मिनिटं. माणसाला हवं असतं ते खरं तर हेच! मग हे का नाही वापरत? वापरता येतं, वरची 'यूज पर्सेंटेज फॉर पॉलिसी'ची ओळ 'फॉल्स' केली की झालं. पण बनवणाऱ्यांनीच शेजारी कारण लिहून ठेवलंय, की टक्के हे वेळेच्या अंदाजापेक्षा जास्त भरवशाचे. सूचना आली की आपण धावाधाव करून सगळ्या फाइल सेव्ह करायला लागतो आणि त्या धावपळीतच बॅटरी भराभर जाते. उरलेला वेळ हा आत्ताच्या खर्चावरून काढलेला अंदाज असतो, कॉल सुरू केला की चाळीस मिनिटांची बारा मिनिटं होतात. त्यामुळे टक्केच ठेवा, फक्त मिनिटांचं गणित करून ठेवा.

ते गणित करायला तुमची बॅटरी नेमकी कुठे कोसळते हे माहीत हवं. त्यासाठी एक रविवार द्या. सगळं काम सेव्ह करा, उघडं काही ठेवू नका, पूर्ण चार्ज करून चार्जर काढा आणि एखादा लांबलचक व्हिडिओ कॅमेऱ्यासकट चालू ठेवून झोपा काढा. मशिन मेलं की चार्जर लावून सुरू करा आणि 'पॉवर स्टॅटिस्टिक्स' नावाचं छोटं ॲप उघडा (नसेल तर सॉफ्टवेअरच्या दुकानातून फुकट घ्या). त्यात चार्जचा इतिहास आलेखात दिसतो. रेष जिथे कड्यावरून उडी मारल्यासारखी तुटली असेल, तो तुमचा कडा. बहिणीकडे आम्ही हा प्रकार दोनदा केला. एकदा १३ला तुटली, एकदा १७ला. आम्ही १७ धरला. अशा बाबतीत वाईटातलं वाईट धरावं, लग्नाच्या जेवणावळीत पानांचा अंदाज धरतात तसं.

मग प्रश्न उरला की सूचना मिळाल्यावर तिला वेळ किती हवा. मोबाइलवरून त्याच कॉलमध्ये शिरायला दोन मिनिटं. लॅपटॉप काखोटीला मारून खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे जायला पाच मिनिटं, त्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे. आणि इंटरव्ह्यू घेणाऱ्यांना 'एक मिनिट थांबता का' असं न घाबरता म्हणायला जी काही मिनिटं लागतात ती. आम्ही पंधरा धरली. १८ वॉटांनी पंधरा मिनिटं म्हणजे साडेचार वॉट-तास, तिच्या बॅटरीचे २१ टक्के. त्यात कड्याचे १७ मिळवले, झाले ३८. लो ४०, क्रिटिकल २५, ॲक्शन २०. "चाळीसला लो बॅटरी? लोक हसतील मला," ती म्हणाली. हसू देत. लोकांच्या बॅटरीत चाळीस म्हणजे काय आणि हिच्या बॅटरीत काय, हे लोकांना कुठे माहितीये?

आता ती 'ॲक्शन'. २० टक्क्यांना यूपॉवर नेमकं काय करणार, हे त्याच फाइलच्या तळाशी 'क्रिटिकल पॉवर ॲक्शन'मध्ये असतं. तिथे बहुधा 'हायब्रिड स्लीप' लिहिलेलं दिसतं, आणि वाचून आपण निश्चिंत होतो की चला, लॅपटॉप झोपेल, उघडलेल्या फाइली जिथल्या तिथे राहतील. थांबा! हायब्रिड स्लीप आणि हायबरनेट या दोन्हींत मेमरीतला सगळा माल डिस्कवर उतरवून ठेवावा लागतो. त्याला डिस्कवर 'स्वॅप'ची पुरेशी जागा लागते, आणि ती व्यवस्था उबुंटूसारख्या लोकप्रिय लिनक्समध्ये आपोआप लावलेली नसते. काही मशिनवर सिक्युअर बूट चालू असलं तरी हायबरनेट अडतं. हे जमत नाही असं कळलं की यूपॉवर पुढचा पर्याय बघतो, तोही नसेल तर शेवटचा. शेवटचा पर्याय म्हणजे पॉवर ऑफ, सेव्ह न केलेल्या कामासकट. तुमच्याकडे काय होणार ते सोप्या पद्धतीने कळतं. सगळं सेव्ह करून टर्मिनलमध्ये 'सिस्टिमसीटीएल' आणि 'हायबरनेट' असे दोन शब्द द्या. मशिन झोपलं आणि उठल्यावर सगळ्या खिडक्या जागेवर आल्या तर तुम्ही भाग्यवान. नकार आला तर समजा की ॲक्शनचा आकडा म्हणजे फाशीची वेळ, आणि क्रिटिकलच्या सूचनेला फाइली सेव्ह करायची सवय लावून घ्या.

केडीई वापरणाऱ्यांनो, इतका वेळ गालातल्या गालात हसताय ते दिसतंय मला. तुमच्याकडे पॉवर मॅनेजमेंटच्या ॲडव्हान्स्ड भागात लो आणि क्रिटिकलचे आकडे सरळ बदलता येतात, क्रिटिकलला काय करायचं तेही निवडता येतं. उत्तम. पण त्यामागे यूपॉवर स्वतःचा २ टक्क्यांचा ॲक्शन घेऊन उभा असतोच, हे विसरू नका. एका दाराला दोन वॉचमन आहेत. एक्सएफसीईमध्ये पॉवर मॅनेजरच्या 'सिस्टिम' पानावर क्रिटिकलचा आकडा मिळेल. आणि जे कोणी आय-थ्री किंवा स्वे वापरून कॅफेत भाव खातात, त्यांना काहीच मिळणार नाही, मुळात सूचना दाखवणारं कुणी नसतंच! त्यांनी 'बॅटसिग्नल'सारखा छोटा प्रोग्रॅम टाकावा किंवा स्वतः स्क्रिप्ट लिहावी. क्रॉनमधून लिहिणाऱ्यांना एक इशारा, क्रॉनला तुमच्या डेस्कटॉपच्या सेशनचा पत्ता माहीत नसतो. म्हणून हाताने चालवली की चालते आणि आपोआप चालवली की गप्प बसते. सिस्टिमडीचा यूझर टायमर लावा, डोकेदुखी वाचेल.

"बॅटरी कॅलिब्रेट करून घेतली तर?" हा प्रश्न येणार, म्हणून आधीच सांगतो. एकदा पूर्ण भरून, पूर्ण उतरवून, पुन्हा पूर्ण भरली तर चिपची वही बरीचशी ताळ्यावर येऊ शकते. टक्के थोडे खरे बोलायला लागतात. पण ४८चे २१.६ झालेत ते पुन्हा ४८ होणार नाहीत, आणि वाढलेला विरोधही कमी होणार नाही. दर महिन्याला हा उपास करायला लावाल तर बॅटरी उलट लवकर जाईल. आणि ट्रॅकपॅड वर उचलल्यासारखा वाटत असेल, खालचं झाकण फुगलं असेल, तर कॅलिब्रेशन वगैरे काही नको. चार्जिंग बंद, लॅपटॉप बंद, बॅटरी बदला. जुनी कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरून झालेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची सोय लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा दुकानदाराला विचारा तरी.

पुढच्या गुरुवारी काय झालं? लाइट गेले, अर्थातच. डू नॉट डिस्टर्ब चालू होतं, कारण तिला ते हवंच होतं, आणि म्हणून कॉलच्या आधी टक्क्यांचा आकडा वरच्या पट्टीत कायमचा दिसेल असं करून ठेवलं होतं. शिवाय ४०च्या खाली गेलं की मोठ्याने बोलून सांगणारी चार ओळींची स्क्रिप्ट. ती बोललीसुद्धा, भर इंटरव्ह्यूत, रोबोटच्या आवाजात, "बॅटरी लो." समोरच्या बाई हसल्या. ही शांतपणे उठली, लॅपटॉप घेऊन जिना उतरली आणि काकूंच्या डायनिंग टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी, पगाराचा आकडा सांगितला. नोकरीचं पत्र दहा दिवसांनी आलं.

पहिल्या पगारातून तिने नवी बॅटरी घेतली. बसवली, आणि संध्याकाळी पुन्हा फोन. "दादा, नवी बॅटरी पण गंडलीये का रे? वीस टक्क्यांनाच बंद पडतोय लॅपटॉप!"

गंडली नव्हती. बॅटरी बदलली तरी ती फाइल तीच राहते. तिला म्हटलं, आता यूपॉवरचे आकडे खाली आण. लो २०, क्रिटिकल १०, ॲक्शन ५, आणि मग रीस्टार्ट. सहा महिन्यांनी एकदा 'एनर्जी फुल'ची ओळ बघत जा.